कागदाच्या लगद्याची गाळणी



कागद ही वस्तु आपल्या इतक्या नित्य परिचयाची आहे कीं, तिच्याकडे पाहण्याचें आपण जवळजवळ सोडूनच दिलें आहे. आपण पाहतों तो कागदावरील मजकूर, कागद नव्हे. परंतु एखाद्या स्वस्त वहीचें पान उजेडासमोर धरून अवश्य पाहावें. त्यांत मधूनच एखादी पिंगट काडी दिसते, कोठें काळा ठिपका असतो, कोठें तेलकट असा डाग असतो. शाईच्या लेखणीचें टोंक त्या काडीला अडखळतें आणि अक्षर फुटतें. जन्मभर वह्या तपासणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाची या काडीशीं जुनी ओळख आहे. ती पानावर येऊन पोंचली याचा अर्थ असा कीं, कागदाच्या गिरणींतील एका यंत्रानें तिला अडवावयास हवें होतें आणि तें तिला अडवूं शकलें नाहीं. हें यंत्र म्हणजे लगद्याची गाळणी. ती कशी असते आणि तिच्या सळया व फटी कोणत्या विचारानें योजतात, हें आज सांगावयाचें आहे.

कागद म्हणजे वनस्पतींचे तंतु पाण्यांत पसरून, गाळून, दाबून आणि वाळवून केलेला पातळ पापुद्रा. लांकूड, बांबू, उसाचें चिपाड किंवा जुना कागद यांपासून तंतु मोकळे केले म्हणजे जो काला होतो, तो लगदा. हा शब्द ऐकून भिजवलेल्या कणकेसारखें कांहीं तरी डोळ्यांपुढें येतें. पण यंत्रावर कागद होण्याच्या वेळीं लगदा ताकाहूनहि पातळ असतो. शंभर किलो लगद्यांत एक किलोहि तंतु नसतात. बाकी सर्व पाणी. त्याआधींच्या गाळण्यांतून जातांना तो थोडा दाट, म्हणजे बहुधा शेंकडा १ ते ३ तंतु असलेला असतो.

आतां या तंतूंचें माप पाहा. पाइन, स्प्रूस अशा सूचिपर्णी झाडांचा तंतु सुमारें ३ मिलिमीटर लांब आणि मिलिमीटरच्या तिसाव्या भागाइतका जाड असतो. निलगिरीसारख्या झाडाचा तंतु लांबीनें १ मिलिमीटरच्या आंतबाहेर भरतो. बांबूचा तंतु सरासरीनें २ मिलिमीटरांच्या आसपास लांब, पण फार सडपातळ असतो. सारांश, हे तंतु म्हणजे अत्यंत बारीक केंसांचे लहान लहान तुकडे होत. त्यांच्या सोबतीला जें नको असतें तें असें : नीट न शिजल्यामुळें एकमेकांना चिकटून राहिलेल्या तंतूंच्या काड्या, सालीचे कण, आणि लगदा जुन्या कागदापासून केलेला असेल तर प्लॅस्टिकचे तुकडे, मेण व गोंदाच्या गोळ्या. वाळू, टांचण्या असे जड पदार्थ पाण्याला भोंवऱ्यासारखें फिरवून वेगळे काढतात. तो निराळा विषय आहे. गाळणीचें काम जाड आणि बारीक यांचा निवाडा करण्याचें.

वरवर पाहतां हें काम सोपें वाटतें. पीठ चाळतांना कोंडा वर राहतो आणि पीठ खालीं पडतें, तसेंच हें. परंतु पिठाचा कण सर्व बाजूंनीं सारखा असतो, आणि तंतु तसा नसतो. गाळणीची फट ०.२० मिलिमीटर रुंद आहे असें समजा. तिच्यासमोर आलेला ३ मिलिमीटरांचा तंतु फटीच्या रुंदीच्या पंधरापट लांब असतो. आडवा आला तर तो जाऊं शकत नाहीं. टोंक पुढें करून आला तर मात्र सहज निसटून जातो, कारण त्याची जाडी फटीच्या एकषष्ठांशाइतकीच असते. घरीं याचा प्रयोग करून पाहतां येईल. शिजलेल्या शेवया भरपूर पाण्यांत सोडाव्या आणि तें पाणी झाऱ्यावर ओतावें. कांहीं शेवया झाऱ्याच्या भोंकांतून सुळकन् खालीं जातात. कांहीं आडव्या पडून वरच राहतात. सर्व शेवया एकाच जाडीच्या असूनहि असें होतें. म्हणजे गाळणीचा निवाडा केवळ आकारावर ठरत नाहीं. वस्तु कोणत्या रीतीनें समोर येते यावरहि तो ठरतो. जी वस्तु कशीहि फिरविली तरी फटींत मावत नाहीं, तिला गाळणी खात्रीनें अडविते. जी मावूं शकते, तिच्या बाबतींत सर्व कारभार संभवाचा असतो.

येथेंच गाळणी योजणाराची खरी अडचण सुरू होते. फट रुंद ठेवावी तर काड्या पलीकडे जातात आणि कागद डागाळतो. फट अरुंद करावी तर काड्यांबरोबर चांगले लांब तंतूहि अडतात. आणि कागदाला बळकटी देणारे तंतु हेच. शिवाय अडलेले तंतु फटींवर साचून त्यांचा नमद्यासारखा थर बनतो आणि गाळणी तुंबते. काडी अडविणें कठीण नाहीं. काडी अडवून तंतूला वाट देणें कठीण आहे. गेल्या दोनशें वर्षांत या यंत्रांत जे फेरफार झाले, ते सर्व या एका वाक्यांत सांठवतां येतील.

हा इतिहास कागदाच्या यंत्राबरोबरच सुरू होतो. फ्रान्समध्यें निकोला लुई रोबेर यानें सलग कागद करणाऱ्या यंत्राचें पेटंट सन १७९९ मध्यें घेतलें. आणि इंग्लंडांत फूर्द्रिनिए बंधूंच्या पैशानें व ब्रायन डॉन्किन या कारागिराच्या हातानें तें यंत्र १८०३ च्या सुमारास चालूं लागलें. हातानें एकेक ताव काढणारा कारागीर गांठ दिसली तर ती वेंचून टाकूं शके. यंत्राला असा डोळा नव्हता, आणि त्याचा वेगहि मोठा होता. म्हणून लगदा आधींच गाळून घेणें आवश्यक झालें. तारेची जाळी लवकर तुंबे. सन १८३० मध्यें रिचर्ड इबॉट्सन या इंग्रज कागद-उत्पादकानें लगद्यांतील गांठी वेगळ्या काढण्याच्या साधनाचें पेटंट घेतलें. त्यांत जाळीच्या जागीं धातूच्या सळया शेजारीं शेजारीं बसवून मध्यें अरुंद फटी ठेवण्याची कल्पना होती. सळयांच्या गाळणीचा वंश तेथून सुरू होतो असें म्हणण्यास हरकत नाहीं.

पुढें पितळेच्या किंवा तोफेच्या धातूच्या सपाट पत्र्यांना चिरा पाडून गाळण्या होऊं लागल्या. पत्रा पेटीवर बसवीत आणि पेटीला खालून सारखे हिसके देत, म्हणजे साचलेले तंतु उचलले जाऊन चिरा मोकळ्या होत. चिरेची रुंदी इंचाच्या हजारांश भागांत मोजण्याचा प्रघात होता. आठ नंबरचा पत्रा म्हणजे आठ हजारांश इंच, आजच्या मापानें ०.२० मिलिमीटर. आजच्या बारीक गाळण्यांच्या फटीहि बहुतकरून ०.१० ते ०.३५ मिलिमीटरांच्या दरम्यानच असतात. फटीची रुंदी फारशी बदलली नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. बदलला तो सळईचा आकार, आणि तिच्यासमोर वाहणाऱ्या पाण्याचा वेग.

आजची गाळणी म्हणजे बंद भांड्यांत उभें ठेवलेलें एक नळकांडें. त्याची भिंत पत्र्याची नसून शेंकडों उभ्या सळयांची असते. सळया बाहेरच्या कड्यांच्या खांचांत अचूक अंतरावर बसवून पक्क्या करतात. दाबाखालील लगदा आंत सोडतात. स्वीकारलेला भाग फटींतून बाहेर जातो आणि नाकारलेला भाग दुसऱ्या टोंकाकडून निघतो. सळईचा छेद घेतला तर तो पाचरेसारखा दिसतो. लगद्याकडील बाजू रुंद आणि पाठीमागची निमुळती. त्यामुळें दोन सळयांमधील फट तोंडाशीं सर्वांत अरुंद असून पुढें रुंद होत जाते. केंस विंचरण्याच्या फणीचे दांत पाहिले म्हणजे यांतील मर्म कळेल. दातांमधील जागा मुळाकडे अरुंद होत गेल्यामुळें मळ तेथें अडकून बसतो. फटीची रचना याच्या नेमकी उलट असते. तोंडाशीं जो जाऊं शकला त्याला पुढें अडण्याचें कारणच उरत नाहीं.

सळई किती रुंद ठेवावी हाहि हिशेबाचा प्रश्न आहे. सळईचा माथा ३ मिलिमीटर आणि फट ०.२० मिलिमीटर असेल, तर भिंतीचा उघडा भाग ३.२० मध्यें ०.२०, म्हणजे शेंकडा सव्वासहा इतकाच असतो. बाकीची भिंत बंदच! फट ०.१५ केली तर उघडा भाग शेंकडा पावणेपांचांवर येतो. सळया २.२ मिलिमीटरांच्या घेतल्या तर तो पुन्हां शेंकडा ६.४ होतो. मग सळया अधिकच बारीक कां करूं नयेत? कारण सळई बारीक झाली म्हणजे ती दाबाखालीं वांकते, आणि दोन फटी जवळ आल्यामुळें एकाच लांब तंतूचीं दोन टोंकें दोन फटींत ओढलीं जाण्याचा संभव वाढतो. मग तो तंतु, दोरीवर वाळत घातलेल्या धोतराप्रमाणें, सळईवर दोहोंकडे लोंबकळत राहतो. असे कांहीं तंतु जमले कीं त्यांवर इतर तंतु अडकतात आणि फट बुजते. म्हणून लांब तंतूंच्या लगद्याला सळईचा माथा फार अरुंद चालत नाहीं. आंखूड तंतूंच्या लगद्याला चालतो.

एवढ्याशा उघड्या भागांतून काम किती होतें, याचाहि अंदाज घेऊं. ६० सेंटिमीटर व्यासाचें आणि तेवढ्याच उंचीचें नळकांडें घेतलें तर त्याच्या भिंतींत सुमारें ५९० फटी बसतात. प्रत्येक फटींतून पाणी सेकंदाला दीड मीटर वेगानें गेलें, तर दर सेकंदास १०० लिटरांहून अधिक लगदा पलीकडे जातो. त्यांत शेंकडा १ तंतु धरले, तर चोवीस तासांत ९० टनांच्या आसपास कोरडे तंतु होतात. घरांतल्या लहानशा पिंपाएवढी वस्तु हें काम करते, ती तुंबत नाहीं म्हणून.

ती तुंबूं न देण्याचें काम फिरत्या पात्यांचें आहे. नळकांड्याच्या आंत, भिंतीपासून कांहीं मिलिमीटर अंतर राखून, पातीं सेकंदाला १० ते २० मीटर किंवा त्याहूनहि अधिक वेगानें फिरतात. पात्याचा आकार साधारणपणें विमानाच्या पंखासारखा असतो. पात्याच्या पुढच्या भागासमोर दाब वाढतो आणि मागून क्षणभर ओढ उत्पन्न होते. या ओढीमुळें फटींतील पाणी क्षणमात्र उलट दिशेनें वाहतें आणि तोंडाशीं अडलेले तंतु मागें ओढून फट मोकळी करतें. पीठ चाळतांना हात थांबला कीं चाळण तुंबते. येथें हात थांबत नाहीं, सेकंदाला कित्येक वेळां हिसका देतो. परंतु या हिशक्याची किंमत विजेच्या रूपानें मोजावी लागते. ओढीचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, आणि लागणारी शक्ति घनाच्या प्रमाणांत. वेग २० मीटरांवरून १६ मीटरांवर आणला तर शक्ति जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून कमी वेगांत पुरेशी ओढ देणारें पातें योजण्यासाठीं पुष्कळ खटपट झालेली आहे.

दुसरी युक्ति सळईच्या माथ्यावर आहे. माथा सपाट न ठेवतां तो थोडा कलता केला, तर प्रत्येक सळईची एक कड शेजारणीपेक्षां वर येते आणि भिंतीवर बारीक पायऱ्यांची ओळ तयार होते. पायरीची उंची मिलिमीटरच्या निम्म्याएवढी किंवा थोडी कमीअधिक असते. त्या पायरीवरून पाणी उतरतांना फटीच्या तोंडाशीं लहानसा भोंवरा होतो. तो तंतूंचे पुंजके मोडतो आणि आडव्या तंतूला वळवून त्याचें टोंक फटीकडे करतो. अशा पायऱ्यांच्या गाळण्यांचा प्रसार १९८० च्या दशकांत झाला, आणि पूर्वीं ज्या अरुंद फटी वापरणें शक्य नव्हतें त्या शक्य झाल्या. तथापि पायरी उंच केली कीं सर्व साधलें असें नाहीं. जो भोंवरा तंतूला वाट दाखवितो तोच काडीलाहि दाखवितो. उंच पायरीनें गाळणी मोकळी वाहते पण निवड ढिली होते. ठेंगणीनें निवड कडक होते पण गाळणी तुंबूं पाहते. म्हणून फटीची रुंदी आणि पायरीची उंची या दोहोंचा निर्णय एकत्रच करावा लागतो.

हा निर्णय पूर्वीं केवळ अनुभवानें होई. सन १९८९ मध्यें कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे रॉबर्ट गुडिंग आणि रिचर्ड केरेकिस यांनीं फटीजवळ एकेक तंतु कसा वागतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दोन गोष्टी आढळल्या. भिंतीच्या अगदीं लगतच्या पाण्यांत तंतु मुळांतच विरळ असतात. आणि जे असतात त्यांना फटींत शिरतांना एकदम काटकोनांत वळावें लागतें, तें सर्वांना साधत नाहीं. यामुळें फटींतून जाणाऱ्या पाण्यांत तंतूंचें प्रमाण आंतल्या लगद्यापेक्षां कमी भरतें. या दोन प्रमाणांच्या गुणोत्तराला आपण प्रवेशांक म्हणूं. प्रवेशांक १ म्हणजे पूर्ण मोकळीक. ० म्हणजे पूर्ण बंदी. उत्तम गाळणी ती, जिच्यांत तंतूचा प्रवेशांक १ च्या जवळ आणि काडीचा ० च्या जवळ असतो.

गणिताची आवड असणाऱ्यांसाठीं एक उदाहरण देतों. गाळणींत आलेल्या लगद्याच्या प्रवाहापैकीं पंचमांश, म्हणजे ०.२०, नाकारून बाहेर सोडला असें समजा. कोणत्याहि पदार्थाचा किती भाग नाकारला जाईल, हें ०.२० चा प्रवेशांकाइतका घात काढल्यानें अदमासें कळतें. तंतूचा प्रवेशांक ०.८ आणि काडीचा ०.१ असेल, तर शंभर काड्यांपैकीं ८५ अडतात. पण त्यांच्याबरोबर शंभरांतील सुमारें २८ तंतूहि बाहेर जातात. नाकारलेला प्रवाह निम्मा, म्हणजे ०.१० केला, तर वायां जाणारे तंतु १६ वर येतात, आणि काड्या ८५ ऐवजीं ७९ अडतात. शिवाय तेव्हां नाकारलेला लगदा मूळच्या दीडपटीहून अधिक दाट होतो आणि शेवटच्या टोंकाशीं गाळणी बंद पडण्याची भीति असते. म्हणजे शुद्धता, काटकसर आणि निर्वेध चालणें या तिहींपैकीं एकीला ओढलें कीं दुसरी सुटते.

यावर गिरणींतील उपाय असा कीं, एका गाळणीच्या निवाड्यावर थांबत नाहींत. पहिलीनें नाकारलेला लगदा पाणी मिसळून दुसरीकडे पाठवितात, दुसरीचा तिसरीकडे. पुढच्या गाळणीनें निवडून काढलेले तंतु मागच्या गाळणीच्या तोंडाशीं परत येतात आणि पुन्हां परीक्षेस बसतात. शेवटच्या गाळणींतून जें नाकारलें जातें, तेवढेंच खरोखर टाकून देतात. एका परीक्षेंत नापास झालेल्यास कायमचें बाहेर काढणारी शाळा आणि त्याला पुन्हां तपासून घेणारी शाळा, यांतला फरक येथें आहे; आणि दुसऱ्या प्रकारानें हजारों टन तंतु वांचतात.

आपल्या देशाच्या दृष्टीनें दोन गोष्टी सांगून भाषण पुरें करतों. पहिली बांबूविषयीं. बांबू हा हिंदुस्थानांतील कागदाचा एक मोठा आधार ठरला. विदर्भांत बल्लारपूरची गिरणी पुष्कळ वर्षें त्याच्यावर चालली. बांबूच्या पेरांचा भाग टणक असतो. तो पुरता शिजला नाहीं तर लगद्यांत काड्या राहतात. बांबूंत आणि भाताच्या पेंढ्यांत वाळूच्या जातीचें द्रव्य, म्हणजे सिलिका, नैसर्गिकच असतें. तें सळईची कड हळूहळू झिजवितें. कड गोल झाली कीं भोंवरा मंदावतो, फट रुंदावते, आणि निवाडा बिघडतो. म्हणून सळयांवर कठीण क्रोमियमचा मुलामा देतात आणि त्यांची वेळोवेळीं तपासणी करतात. शेंकडों फटींपैकीं कांहीं थोड्या जरी रुंदावल्या, तरी काड्यांना तेवढी वाट पुरते.

दुसरी गोष्ट जुन्या कागदाची, आणि ती आपल्या प्रत्येक घराशीं निगडित आहे. आज कागदाचा फार मोठा भाग रद्दीपासून होतो, आणि रद्दींतला सर्वांत कठीण शत्रु म्हणजे चिकट गोंद. पाकिटाच्या कडेचा, पुस्तकाच्या पुठ्ठ्याजवळचा, चिकटपट्टीचा आणि चिठ्ठ्यांचा गोंद पाण्यांत विरघळत नाहीं. त्याचे मऊ गोळे होतात. काडी ताठ असते, म्हणून ती फटीशीं अडते. गोंदाचा गोळा मऊ असतो; दाब वाढला किंवा पाणी गरम झालें कीं, चकलीच्या सोऱ्यांतून पीठ निघावें तसा तो फटींतून लांबट होऊन निसटतो आणि पलीकडे पुन्हां गोळा होतो. म्हणून येथें फट ०.१० ते ०.१५ मिलिमीटर इतकी अरुंद ठेवून पाण्याचा वेग मुद्दाम कमी राखतात. तरीहि जे गोळे निसटतात ते यंत्राच्या कापडाला चिकटतात, कागदाला भोंकें पाडतात, आणि धांवता कागद मधेंच तुटतो.

रद्दी देतांना चिकटपट्टी, प्लॅस्टिकचें वेष्टण आणि मेणचट कागद वेगळा काढून ठेवणें हें घरांतलें दोन मिनिटांचें काम आहे. तें घरीं झालें नाहीं तर गिरणींत तेंच काम ०.१० मिलिमीटरच्या फटींनीं, मोठ्या वेगाच्या पात्यांनीं आणि पुष्कळ विजेनें करावें लागतें. आणि गोंदाच्या त्या एका गोळ्याबरोबर कांहीं चांगले तंतूहि बाहेर जातात. ते तंतु कोठल्या तरी झाडाचे किंवा बांबूचे असतात. गाळणी कितीहि कुशलतेनें योजली तरी तिच्यासमोर काय पाठवावयाचें हें तिच्या हातीं नसतें; तें आपल्या हातीं आहे.